सोलापुरात ड्यूटी सांभाळून नॉरसेटची तयारी : पहिल्यांदाच बसणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

सकाळची ड्यूटी दोनला सुटते, पण हँडओव्हर, औषधांचा हिशेब आणि राहिलेलं चार्टिंग उरकून बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात. मे महिन्यात त्या वेळी सात रस्त्यावर ऊन असं अंगावर येतं की घरी जाऊन पुस्तक उघडायची ताकद उरत नाही. तरी उघडायचं असतं. मी हे तीन वेळा केलं आणि तिसऱ्या वेळी माझी निवड झाली. पहिल्या दोन वेळा जे कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

नॉरसेट म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी दिल्लीचं एम्स २०२० पासून घेत असलेली सामाईक परीक्षा. देशभरातल्या एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या जागा तिच्यातून भरल्या जातात. पद सातव्या वेतन स्तरावरचं आहे, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं आणि भत्ते वेगळे. खासगी रुग्णालयात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या आपल्या मुलींना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आधी पात्रता तपासा, पुस्तक नंतर

बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालं असेल आणि परिचर्या परिषदेची नोंदणी हातात असेल तर अनुभवाची अट नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, असाल तर शिक्षण आणि नोंदणी पूर्ण झाल्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला. वयाची मर्यादा १८ ते ३० आहे. ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते.

पन्नास खाटांची अट नीट वाचा. माझं पहिलं वर्ष तिच्यामुळेच गेलं. जीएनएम झाल्याझाल्या घराजवळच्या एका रुग्णालयात लागले. काम भरपूर होतं, शिकायलाही मिळालं, पण खाटा अठ्ठावीस. चौदा महिन्यांनी अनुभवाचा दाखला मागायला गेले तेव्हा ही गोष्ट लक्षात आली. "पन्नास लिहून देतो की, कोण बघतंय," असं तिथल्या लेखनिकानं सांगितलंही. मी दाखला घेतला नाही, आणि तुम्हीही असा दाखला कधी घेऊ नका. निवडीनंतर कागदपत्रांची तपासणी होते. रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर खाटांची संख्या छापलेली असते, त्यामुळे खोटं लगेच उघडं पडतं. नोकरी तर जातेच, नावाला डागही लागतो.

म्हणून जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला असाल तर पहिली नोकरी धरतानाच विचारा : खाटा किती? रुजू होण्याचं पत्र मिळेल का? पगार बँकेत जमा होईल का? सोलापुरात मोठी रुग्णालयं कमी नाहीत. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण दाखल्यात मोजले जाणारे दिवस मिळायला हवेत.

ब्रदर लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गेल्या काही अधिसूचनांत महिला आणि पुरुषांच्या जागांचं प्रमाण ८०:२० राहिलं आहे. म्हणजे तुमची चढाओढ जास्त तीव्र आहे. गुणांचं लक्ष्य ठरवताना हे धरून चला.

कागद दोन महिने आधी

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि मुदत थोडी असते. शुल्क खुल्या आणि ओबीसी प्रवर्गासाठी ३,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी २,४०० रुपये आहे. दिव्यांगांना माफ आहे. एवढे पैसे भरून अर्ज कागदावरून अडला तर फार लागतं.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी जिवंत आहे का ते आधी पाहा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि बऱ्याच जणींना मुदत संपून गेल्याचं माहीतच नसतं. त्यानंतर नावाचा प्रश्न. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, नोंदणीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. अर्जात दहावीप्रमाणे नाव ठेवा आणि बदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा.

जातीच्या दाखल्याबाबत सगळ्यात जास्त घोळ होतो. राज्यातली एसबीसी, भटक्या-विमुक्त, एसईबीसी ही वर्गवारी केंद्राच्या भरतीत चालत नाही. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का ते पाहायचं आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला काढायचा. सोलापुरात विणकर समाजातल्या कितीतरी मुली राज्याच्या दाखल्यावर विसंबून राहतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. नॉन-क्रीमीलेअरची तारीख अधिसूचनेत सांगितलेल्या काळातली हवी. सेतू केंद्रात अर्ज टाकल्यावर दाखला चार दिवसांत मिळेल असं गृहीत धरू नका.

पेपर कसा असतो

परीक्षा दोन टप्प्यांत होते. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यांतले ८० प्रश्न नर्सिंगचे, २० सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एकतृतीयांश गुण कापला जातो. पूर्वपरीक्षा फक्त चाळणी आहे, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. जागांच्या काही पट उमेदवार मुख्य परीक्षेला जातात आणि क्रमांक ठरतो तो तिथल्या गुणांवर. मुख्य परीक्षेत नर्सिंगच असतं आणि प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न पुष्कळ असतात.

पेपरची एक रचना माहीत नसली की हुशार मुलगीही अडकते. पूर्वपरीक्षेतले १०० प्रश्न वीस-वीसच्या पाच भागांत येतात आणि प्रत्येक भागाला अठरा मिनिटं असतात. अठरा मिनिटं संपली की तो भाग बंद. मागे जाऊन "आता आठवलं" म्हणता येत नाही. कॉलेजच्या परीक्षेत आपण सोपं आधी, अवघड शेवटी असं करत आलो. इथे ती सवय भागाच्या आतच वापरायची. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. सराव पहिल्या दिवसापासून अठरा मिनिटांच्या तुकड्यांतच करा.

२०२४ पासून ही परीक्षा साधारण एप्रिल आणि सप्टेंबरच्या आसपास होत आली आहे. आपल्या हिशेबात सांगायचं तर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की एप्रिलच्या परीक्षेला जेमतेम तीन महिने उरतात. नवख्या उमेदवारानं गणपती झाल्यावर सुरुवात करून एप्रिलवर नजर ठेवावी.

वॉर्ड आपलं पुस्तक आहे, पण वॉर्डातली सवय म्हणजे उत्तर नव्हे

या लेखातलं मला सांगायचं मुख्य ते हेच.

ड्यूटी करणाऱ्या मुलीला वाटतं की आपण रोज रुग्ण पाहतो, प्रसंगावरचे प्रश्न आपल्याला सोपे जातील. माझंही तसंच झालं होतं, आणि पहिल्या पेपरात नेमके तेच प्रश्न चुकले. कारण मी वॉर्डात जे होताना पाहिलं तेच लिहिलं. पेपर मात्र विचारतो की योग्य काय.

रक्त चढवण्याचं उदाहरण घ्या. रात्री पिशवी लावली, वीस मिनिटांत आजी म्हणाल्या, "शिस्टर, लई थंडी वाजायलीय बगा, अंग थरथरायलंय." वॉर्डात अशा वेळी आपले हात कुठे जातात? एव्हिल-हायड्रोकॉर्टच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनांच्या, ट्रेकडे, किंवा डॉक्टरांना फोन लावायला. पर्यायांत हे दोन्ही असतात आणि आपण त्यांतलं एक टिचकवून मोकळे होतो. उत्तर आहे : आधी रक्त थांबवा. मग नवीन सेटनं सलाईन सुरू करून शीर चालू ठेवा, नाडी-रक्तदाब पाहा, डॉक्टरांना कळवा, पिशवी आणि सेट रक्तपेढीकडे परत पाठवा. कारण कळलं की हे विसरायला होत नाही. चुकीच्या गटाचं रक्त असेल तर आत जाणारा प्रत्येक मिलिलिटर नुकसान वाढवत असतो, आणि इंजेक्शन भरण्यात गेलेली दोन मिनिटं त्या नुकसानीत मोजली जातात. पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ थांबायचं हा नियमही याच कारणानं आहे. चाळीस रुग्णांना एक सिस्टर असताना तो पाळणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. पण पेपरातल्या सिस्टरकडे एकच रुग्ण असतो, हे लक्षात ठेवून उत्तर द्या.

दुसरं उदाहरण आपल्या उन्हाळ्याचं. मजूर शुद्ध हरपून आलाय, अंग तापलेलं आणि कोरडं, ताप १०६ फॅरनहाइट. सवयीनं पॅरासिटामॉलची बाटली लागते. पण उष्माघातात तापाचं मूळ वेगळं असतं. संसर्गात मेंदूतला तापमानाचा काटाच वर सरकतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. उष्माघातात काटा जागेवर असतो, शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद संपलेली असते. म्हणून श्वासमार्ग पाहून लगेच अंग थंड करणं हेच पहिलं काम : कपडे सैल करा, पाणी मारा, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. सोलापुरात पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा हा रुग्ण तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेला असतो. एकदा कारणासकट वाचलंत तर प्रश्न कसाही फिरवून आला तरी चुकणार नाही.

तिसरं रोजचं, म्हणून सगळ्यात जास्त चुकणारं. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सलाईनचा सेट, कॅथेटर, लघवीची पिशवी, हातमोजे लाल पिशवीत. रक्तानं भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत. काचेच्या औषधांच्या बाटल्या निळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतली ही विभागणी भिंतीवरच्या तक्त्यावर असते, पण गर्दीच्या वेळी तक्ता कुणी पाहत नाही. पुढचा महिनाभर प्रत्येक वस्तू टाकताना रंग मनात म्हणा, आणि मावशींनाही सांगा. दुसऱ्याला शिकवलेलं पक्कं होतं, वॉर्डही सुधारतो.

सर्पदंश आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा हे आपल्या जिल्ह्याचे दोन मोठे धडे. मोहोळ, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या रुग्णाच्या पायाला घट्ट दोरी बांधलेली असते. ती एकदम ओढून सोडायची नाही, तयारीनिशी सोडायची. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतच करायची, प्लास्टिकच्या नळीत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते. फवारणीच्या विषात डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडातून फेस, छातीत घरघर. त्यावरचं औषध अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं याची खूण छाती कोरडी होण्यात आहे. नाडी वाढली किंवा बाहुली मोठी झाली एवढ्यावर ठरवायचं नाही. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढणं विसरू नका. विष कातडीतूनही आत जातं, तुमच्याही.

यासाठी मी एक वही केली होती. रोज ड्यूटीवरचा एक रुग्ण, एक पान. डाव्या बाजूला वॉर्डात काय केलं, उजव्या बाजूला पुस्तक काय सांगतं, खाली फरकाचं कारण. काही दिवस दोन्ही बाजू सारख्याच यायच्या आणि आपल्या वॉर्डाचा अभिमान वाटायचा. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी आमच्या इन्चार्ज सिस्टर तीन गोष्टी स्वतः पाहायच्या : गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली तर नाही, लघवी तासाला तीस मिलिलिटर तरी होते का. शेजारी त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, भरून ठेवलेलं असायचं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला या प्रश्नासाठी वेगळं पाठांतर लागलं नाही. सहा महिन्यांत वहीत दीडशे पानं झाली, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत मी दुसरं काही वाचलं नाही.

गणितं : हक्काचे गुण

थेंबांचं सूत्र एकच आहे : एकूण मिलिलिटर गुणिले सेटचा थेंब-गुणक (एका मिलिलिटरचे थेंब), भागिले मिनिटं. १,००० मिलिलिटर आठ तासांत, सेट २० चा. २०,००० भागिले ४८०, म्हणजे ४१.६६, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. लहान मुलांचा सूक्ष्म थेंबांचा सेट ६० चा असतो, तिथे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब. एवढं लक्षात आलं की आकडेमोडच उरत नाही.

भाजलेल्या रुग्णाचं गणित मात्र फसवं असतं. पार्कलँडच्या सूत्रानं द्यायचं सलाईन म्हणजे ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. साठ किलोची बाई, ३० टक्के भाजली : ७,२०० मिलिलिटर. निम्मे, म्हणजे ३,६०० पहिल्या आठ तासांत. आता खोच पाहा. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, रुग्णालयात आल्यापासून नव्हे. अक्कलकोटकडच्या गावातून यायला दोन तास गेले असतील तर उरले सहा, म्हणजे तासाला ६०० मिलिलिटर. पर्यायांत ४५० हमखास असतो, घाई करणाऱ्यांसाठी.

रोज पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय. याहून जास्त वेळ त्यांना देऊ नका.

सामुदायिक आरोग्य : आपल्या गल्लीतून

व्यवसायजन्य आजारांची यादी पाठ होत नाही अशी तक्रार असते. सोलापूरकरांनी तरी ती करू नये. कापसाच्या धुळीनं बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर गिरणीत आल्यावर, सोमवारी, छाती आवळते ही त्याची खूण. ज्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली जात, तिथे कुणाच्या ना कुणाच्या आजोबांना हा दमा होता. उसाच्या चिपाडाच्या बुरशी धरलेल्या धुळीनं बॅगॅसोसिस. साखर कारखाने तर आपल्या जिल्ह्यात जागोजागी आहेत. दगडाच्या खाणीत सिलिकोसिस. घरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला आणि श्वासाला तंबाखू दिवसभर लागतो, हे वाचायला पुस्तक लागत नाही, कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत एक फेरी मारली तरी कळतं. ओळखीचा माणूस आजाराच्या नावाशेजारी बसवला की नाव विसरत नाही.

लसीकरणाचं वेळापत्रक मात्र सरळ पाठच करा आणि सध्याचंच करा. जुन्या नोट्समध्ये पोलिओच्या इंजेक्शनचे दोनच डोस दिसतील. २०२३ पासून नऊ महिन्यांचा तिसरा डोस आला आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी मिसळल्यावर चार तासांत संपवायची किंवा टाकायची. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ, टीडी (धनुर्वात-घटसर्प) यांची उघडलेली कुपी अटी पाळल्या तर २८ दिवस चालते. शीतसाखळी अधिक २ ते अधिक ८ अंश. या चार ओळींवर प्रश्न येत राहतात.

शिफ्टप्रमाणे वेळापत्रक

"रोज आठ तास अभ्यास" असा सल्ला देणारे ड्यूटी करत नसतात. तो ऐकून अपराधी वाटून घेऊ नका. आपलं वेळापत्रक शिफ्टवर बेतायचं.

सकाळची ड्यूटी असेल तर दुपारी झोप काढून संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. दुपारची असेल तर सकाळी सात ते अकरा, हा आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ, म्हणून जड विषय त्याच आठवड्यात : मेडिकल-सर्जिकल, औषधशास्त्र. रात्रपाळीत नवीन काही वाचू नका. रात्री तीन वाजता वाचलेलं सकाळी राहत नाही, आणि मुख्य म्हणजे लक्ष रुग्णाकडे हवं. रात्रपाळीत फक्त ती वही. सकाळी घरी जाऊन आधी झोप, दुपारी चारनंतर एक सराव परीक्षा, बस.

विषयांचा क्रम मी असा ठेवला होता : नर्सिंगची मूलतत्त्वं आणि मेडिकल-सर्जिकल यांना पहिले तीन महिने, प्रसूती आणि बालरोग यांना दीड महिना, सामुदायिक आणि मानसिक आरोग्याला एक, बाकी सगळ्याला उरलेले दिवस. संशोधन आणि व्यवस्थापन हे विषय मुली सोडून देतात. त्यांतले प्रश्न मोजके असले तरी सोपे असतात, दोन रविवार द्या.

घरात जागा नसेल तर अभ्यासिका लावा. शहरात आता त्या बऱ्याच आहेत आणि स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे पहाटेपासून बसलेली असतात. त्यांच्यात बसलं की आपोआप मान खाली जाते. आणि घरच्यांना तारीख सांगून ठेवा. लग्नसराईत "एवढं एकच लग्न" करत एप्रिल येतो. सासूबाईंना मी सरळ सांगितलं होतं, "आई, तीन महिने मला धरू नका, मग सगळं करते." त्यांनी शेजारणींनाही परस्पर थोपवलं.

सराव आणि अंदाज

महिन्यानंतर दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा द्या. ती दिल्यावर गुण पाहून मोबाईल बाजूला टाकू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, वाचण्यात चुकलं, की वॉर्डाच्या सवयीनं चुकलं. पहिल्या महिन्यात माझ्या चुकांत तिसरं कारणच जास्त निघालं, तेव्हाच ती वही सुरू झाली.

अंदाज करावा की नाही यावर फार वाद चालतात. हिशेब सोपा आहे. चार पर्याय आहेत, चुकलं तर एकतृतीयांश जातो. काहीच माहीत नसताना टिचकवलं तर सरासरीत फायदा शून्य आणि तोटाही शून्य. एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर फायद्याची बाजू जड होते, दोन खोडता आले तर नक्कीच उत्तर द्या. म्हणून सगळं लक्ष खोडण्यावर हवं. पेपर इंग्रजीत असतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचे गुण आजारांच्या नावांपेक्षा छोट्या शब्दांत जातात. 'इनिशियल' म्हणजे सगळ्यात आधीची कृती. 'एक्सेप्ट' दिसलं की चुकीचं विधान शोधायचं आहे. 'मोस्ट अ‍ॅप्रोप्रिएट' म्हणजे चारही बरोबर असू शकतात, त्यांतलं उत्तम निवडायचं. असे शब्द बोटानं अधोरेखित केल्यासारखे वाचा.

सामान्य ज्ञानाच्या वीस गुणांसाठी रोज वीस मिनिटं पुरतात : चालू घडामोडी, आरोग्य योजना, आणि आळीपाळीनं एक दिवस बुद्धिमत्ता. वाचताना आपल्या गावाचीही एक गोष्ट वाचा. भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज जातो, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान परिचारिका होत्या, युद्धाच्या काळात काम करणाऱ्या. परीक्षेत येवो न येवो, मला अभ्यास नकोसा व्हायचा तेव्हा त्या बाईंची आठवण यायची.

परीक्षेची जागा आणि प्रवास

केंद्र तुमच्या पसंतीचंच मिळेल असं नाही. पुणं मिळालं आणि पेपर सकाळचा असेल तर त्याच दिवशीच्या हुतात्मा एक्सप्रेसवर विसंबू नका, ती सकाळी दहाच्या पुढे पुण्यात पोहोचते आणि तोवर दार बंद झालेलं असतं. आदल्या दिवशी निघा. इन्चार्जकडे सुट्टी प्रवेशपत्र आल्यावर नव्हे, परीक्षेची तारीख जाहीर झाल्यावरच मागा आणि बदली ड्यूटी कोण करेल तेही ठरवून सांगा, म्हणजे नकाराला जागा राहत नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. बाहेरचं खाऊन पोट बिघडवून पेपर दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, फोटो वेगळ्या पाकिटात. दागिने, घड्याळ घरीच. मंगळसूत्र काढावं लागू शकतं, त्याची मनाची तयारी आधीच करा, दारात रडू नका.

रात्रपाळी करून परीक्षेला जाऊ नका. आदल्या दोन रात्री घरी झोपलंच पाहिजे.

मुख्य परीक्षा आणि पसंतीक्रम

पूर्वपरीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसू नका. दोन टप्प्यांत अंतर काही आठवड्यांचंच असतं. घरी येऊन दोन दिवस विश्रांती घ्या आणि प्रसंगावरच्या प्रश्नांचा सराव सुरू करा. एकाच रुग्णाची कथा तीन-चार प्रश्नांतून पुढे सरकते तेव्हा पहिलं उत्तर चुकलं की पुढची घसरतात. म्हणून कथा पूर्ण वाचल्याशिवाय पहिल्या प्रश्नाला हात लावू नका. प्रत्येक कथेत आधी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या क्रमानं पाहायचं. मग स्थिर कोण आणि ढासळतोय कोण ते ठरवायचं. माहिती अपुरी असेल तर उत्तर बहुधा 'तपासा' हे असतं, पुरेशी असेल तर 'करा'.

निवड झाल्यावर संस्थांचा पसंतीक्रम भरताना घाई होते आणि सगळे दिल्ली, मग नागपूर असं लिहून मोकळे होतात, कारण नागपूरचं एम्स आपल्या राज्यात आहे. नकाशा उघडून पाहा. सोलापूरहून हैदराबाद सव्वातीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि बीबीनगरचं एम्स त्याच्या थोडं पुढे. नागपूर याहून कितीतरी लांब पडतं. आणि आपल्यातल्या कितीजणी शहराच्या पूर्व भागात वाढल्यात, घरी तेलुगू बोलतात, वॉर्डात पद्मशाली आजीला "नोप्पी एक्कडा?" विचारून कुठे दुखतंय ते काढून घेतात. त्या मुलींनी बीबीनगर नागपूरच्या वर लिहावं, असं मी प्रत्येकीला सांगते. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी घरी.